फॅन फिरतोय, बीप वाजतोय, स्क्रीन काळी

प्रश्न: घरचा डेस्कटॉप जुना आहे, इंटेल जी 41 चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर 3 चे दोन स्लॉट आणि 2 जीबीची एकच रॅम. ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले की मशीन रडतं म्हणून 4 जीबीची नवीन डीडीआर 3 रॅम आणली, लावली तर फॅन फिरतोय पण नुसता बीप आणि स्क्रीन काळी. जुनी काढून एकटी नवीन लावली तरी तेच. जुनी परत टाकली की सगळं नीट. विकणारा म्हणतो त्याच्या मशीनवर चालते. मग खराब काय, रॅम की बोर्ड?

उत्तर: बहुतेक दोन्ही चांगले आहेत, फक्त त्यांचं आपसात जमत नाहीये. आधी सोपं उरकून घ्या, पॉवर केबल काढून रॅमचे सोनेरी पिन खोडरबरने हलके पुसा, दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघा, दोन्ही बाजूच्या क्लिप टक् आवाज करून बसल्या पाहिजेत, अर्धवट बसलेल्या रॅमने भल्याभल्यांना फिरवलंय.

तरी बीपच, तर रॅम हातात घ्या आणि काळ्या चिप मोजा, दोन्ही बाजूंच्या. माझा संशय असा की तुमच्या 4 जीबीवर फक्त 8 निघतील, म्हणजे एकेक चिप 4 गिगाबिटची (8 गिगाबिट म्हणजे 1 जीबी), आणि जी 41 ला 2 गिगाबिटच्या वरची चिप ओळखताच येत नाही. या बोर्डाला 4 जीबी चालते, पण 16 चिपवाली, 8 पुढे 8 मागे. विकणाऱ्याचं मशीन नंतरच्या पिढीचं असणार, तिथे दोन्ही प्रकार चालतात, म्हणून तो खोटं बोलतोय असं नाही. उगाच भांडू नका, बदलून मागा.

बदलताना एक भानगड सांभाळा, काही रॅमवर ‘फक्त एएमडीसाठी’ असं लिहिलेलं असतं, त्यावर चिप 16 च दिसतात पण इंटेलच्या बोर्डावर ती चालत नाही, स्वस्त दिसली तरी घेऊ नका. 16 चिपवाली मिळालीच नाही तर 2 जीबीची अजून एक टाका, चार टॅबचं रडणं तेवढ्यानेही बरंच थांबेल. स्पीडचं टेन्शन नको, 1600 ची रॅम बोर्डाच्या स्पीडला उतरून चालते.

आणि हो, 2 अधिक 4 असे 6 जीबी झाल्यावर विंडोजने वापरण्याजोगे 3 जीबी आणि वर थोडेसेच दाखवले तर परत रॅमला शिव्या घालू नका, तुमचं विंडोज 32 बिटचं असणार, त्याचा हिशोब 4 जीबीलाच संपतो आणि त्यातलाही काही भाग ग्राफिक्स वगैरेच्या नावावर जातो. प्रोसेसर कोअर 2 ड्युओ असेल तर 64 बिटचं विंडोज चालतं, पण 32 वरून 64 वर नुसतं अपडेट होत नाही, नव्याने टाकावं लागतं, तेव्हा आधी फोटो बाहेरच्या डिस्कवर काढून घ्या.