ल्यूगर ओळखायचं तर सांधा बघ

मित्रा, युद्धपटात जर्मन अधिकारी दिसला की त्याच्या हातात ल्यूगर हे जर्मन पिस्तूलच असणार, असं धरून चालू नकोस. आधी गोळी झाडतानाचं दृश्य थांबवून बघ. ल्यूगर पी०८ च्या पाठीवरचा सांधा कोपर दुमडावं तसा वर उचलला जातो. शेवटची गोळी सुटली की तो तसाच वर उभा राहतो. मला तर हे यंत्र बघतच राहावंसं वाटतं! शिवाय ल्यूगरला बाहेर दिसणारा हॅमर, म्हणजे गोळी उडवण्यासाठी आपटणारा घोडा, नसतो.

वॉल्थर पी३८ या दुसऱ्या जर्मन पिस्तुलाला तो मागे स्पष्ट दिसतो, आणि स्लाइडचा (मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागाचा) पुढचा भाग वरून कापलेला असल्याने नळी उघडी असते. ल्यूगर महाग आणि बनवायला किचकट, म्हणून जर्मन सैन्याने 1938 मध्ये पी३८ स्वीकारलं. त्यामुळे पहिल्या महायुद्धाच्या चित्रपटात ते दिसलं, तर खुशाल चूक म्हण. दुसऱ्या महायुद्धात मात्र दोन्ही चालतात.

मुठीच्या पुढे चौकोनी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) आणि मूठ झाडूच्या दांड्यासारखी गोल असेल, तर ते माउझर सी९६ पिस्तूल. हे 1896 पासूनचं.