‘वर दिल्लीला’, ‘खाली केरळात’ : दिशा की उंची?

“वर दिल्लीला कडाक्याची थंडी आहे”, “आम्ही खाली केरळात जाऊन आलो” अशी वाक्ये आता सर्रास कानावर पडतात. उत्तरेला ‘वर’ आणि दक्षिणेला ‘खाली’ म्हणणे मराठीत योग्य आहे काय, आणि ‘उत्तर’ या शब्दाचा मूळ अर्थच ‘वरचा’ असल्याने त्याला आधार मिळतो काय, असा प्रश्न आला आहे.

व्युत्पत्तीचा मुद्दा खरा आहे. ‘उद्’ म्हणजे वर, त्यापासून ‘उत्तर’ म्हणजे अधिक वरचा. ‘उदीची’ हे उत्तरेचे आणि ‘अवाची’ हे दक्षिणेचे जुने नावही याच उंच-सखलपणातून आले आहे. परंतु हे ‘वर’ कागदावरचे नव्हे, जमिनीवरचे आहे. हिमालयाकडे भूमी चढत जाते म्हणून ती दिशा वरची, असे स्पष्टीकरण कोशकार देतात. ‘दक्षिण’ या शब्दात तर उभे राहणारा माणूसच दिसतो, कारण पूर्वेकडे तोंड केले की उजव्या हाताला येते ती दक्षिण, आणि ‘प्रदक्षिणा’, ‘दक्षिणावर्ती शंख’ या शब्दांत हा उजवेपणा अजून टिकून आहे.

मराठीने मात्र ‘वर’ आणि ‘खाली’ हे शब्द पहिल्यापासून उंचीसाठी राखले आहेत. आपण कोकणात ‘उतरतो’ आणि घाट ‘चढतो’. ‘कोकणात’ म्हणतो, पण ‘देशावर’, ‘घाटावर’ म्हणतो. याचा सर्वांत सुंदर पुरावा मला कोकणातल्या ‘खलाटी’ आणि ‘वलाटी’ या जोडीत दिसतो : समुद्रालगतची सखल पट्टी ती खलाटी आणि सह्याद्रीच्या पायथ्याकडचा उंच भाग ती वलाटी, म्हणजे इथे ‘वर’ पूर्वेला आहे, उत्तरेला नाही.

उत्तर दिशा नकाशाच्या माथ्यावर असणे हा निसर्गनियम नसून संकेत आहे. सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याच्यासाठी अल-इद्रीसीने ११५४ मध्ये केलेल्या जगाच्या नकाशात दक्षिण वर आहे, तर मध्ययुगीन युरोपातल्या कित्येक नकाशांत पूर्व वर असे. शाळेच्या भिंतीवरचा नकाशा रोज पाहून आपण हा संकेत भूमीवर लादतो आणि मग घोटाळे होतात. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, दिल्ली सुमारे २१५ मीटरवर आणि बेंगळुरू ९०० मीटरच्या आसपास. तेव्हा पुण्याहून ‘वर’ दिल्लीला जाणारा प्रत्यक्षात उतरतो आणि ‘खाली’ बेंगळुरूला जाणारा चढतो. नद्या ‘खाली’ म्हणजे दक्षिणेकडेच वाहतात हा समजही यातूनच बळावतो. चंबळ आणि बेतवा माळव्याच्या पठारावरून उत्तरेकडे वाहत जाऊन यमुनेला मिळतात.

म्हणून माझे मत असे की, समोर नकाशा असताना “जळगावच्या वर बऱ्हाणपूर दिसते” म्हणण्यास हरकत नाही आणि घरगुती बोलण्यात कोणाला टोकण्याचेही कारण नाही, पण लेखनात ‘उत्तरेस’ आणि ‘दक्षिणेस’ हेच शब्द वापरावेत. भाषांतरकारांनी तर विशेष जपावे. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहत असल्याने ‘अपर इजिप्त’ म्हणजे लक्सर, आस्वान यांचा दक्षिणेकडचा प्रदेश, आणि ‘लोअर इजिप्त’ म्हणजे भूमध्य समुद्राजवळचा त्रिभुज प्रदेश. पहिल्याला ‘उत्तर इजिप्त’ म्हटले तर वाचक नेमका उलट्या टोकाला पोहोचतो, म्हणून तेथे ‘वरचा इजिप्त’ असेच लिहावे.