बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात राहते, वय ३८, मराठी माध्यमातून बारावी, दहा वर्षं नोकरी नाही. ऑफिसच्या कामासाठी कम्प्युटरचं नेमकं काय शिकू?

ताई, आधी एक्सेल. क्लासवाले वर्डमध्ये रंगीत अक्षरं काढण्यात महिना घालवतात, तो वाचवा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीचं ऑफिस असो की मार्केटातलं होलसेल दुकान, रोजचं काम म्हणजे बिलं, स्टॉक, हजेरी आणि उधारीची यादी. बेरीज, फिल्टर, सॉर्ट आणि व्हीलूकअप (एका यादीतली माहिती दुसरीत शोधून आणणं) एवढं हाताला बसलं की टेबलावर बसता येतं. मग टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, आणि जीएसटीचं बिल. साधारण ५० हजारांवरचा माल पाठवताना ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचं ऑनलाइन बिल लागतं, तेही भरून बघा.

आता टायपिंग. इंग्रजी लागणारच, आणि आपल्या भागात कन्नडही. सरकारी कामात 'नुडी' हे कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर चालतं. पण तुम्ही इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिका. भारतीय लिप्यांसाठी त्याची रचना एकच आहे: ज्या बटणावर मराठी 'क', त्याच बटणावर कन्नड 'ಕ'. बोटं एकदाच शिकतात, भाषा दोन होतात! मराठी माध्यमाच्या माणसाला याचा किती आधार होतो, हे मी स्वतः अनुभवलंय.

एमएस-सीआयटी ही कम्प्युटरची परीक्षा महाराष्ट्राची आहे. चंदगड-कोल्हापूरकडे सरकारी जागेसाठी अर्ज करायचा असेल तरच करा.

फी भरण्याआधी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आरसेटीत, चौकशी करा. बँका चालवतात, शिकवणं आणि जेवण मोफत असतं. कम्प्युटर अकाउंटिंगची पुढची बॅच कधी आहे, एवढंच विचारा.