बळदाची भिंत आणि लेकीची बॅटरी

प्रश्न : केज तालुक्यात माझं ट्रॉल्या आणि पेरणीयंत्रं बनवायचं वेल्डिंगचं दुकान आहे. मुलगी लातूरला बारावी सायन्सला आहे. घरच्यांचं म्हणणं, तिनं कॉम्प्युटर घ्यावं. ती म्हणते, गाडीची बॉडीच बॅटरी होईल असं मटेरियल बनवायचंय. या नावाची डिग्री कुठं मिळते? पोटापाण्याचं काय? की नुसतं खूळ आहे?
– एक पालक

उत्तर :

नमस्कार दादा,

खूळ नाही. पण या नावाची डिग्री शोधत बसू नका. हा विषय एका डिग्रीत मावणारा नाही.

आधी लेक काय म्हणतेय ते बघू. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत बळद असायचं. वरून माळवदातून ज्वारी ओतायची, लागेल तशी खालच्या तोंडातून काढायची. कोठीला वेगळी जागा नाही, घराच्या भिंतीच कोठाराच्या भिंती. आजच्या बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत बॅटरी म्हणजे घरात आणून ठेवलेली पोती. ती नुसता भार वाढवतात, घराला आधार देत नाहीत. दार, छत, डिकीचं झाकण तर तसंही लागणारच, त्यांचं वजन गाडी वाहतेच आहे. त्यांनीच वीज साठवली तर? याला स्ट्रक्चरल बॅटरी म्हणतात.

हे होतं कार्बन फायबरमुळे. स्वेटरच्या अ‍ॅक्रिलिक लोकरीचा एक चुलतभाऊ असतो. त्याचे धागे आधी हवेत आणि मग हवा न लागू देता हजार अंशांच्या वर तापवले की केसाहून कितीतरी बारीक, पण कमालीचे ताठ तंतू मिळतात. त्यांतून वीज वाहते, आणि साध्या लिथियम सेलमधल्या ग्रॅफाइटसारखे ते लिथियमही पोटात घेतात. म्हणजे तोच तंतू गज, तोच तार, तोच इलेक्ट्रोड, म्हणजे बॅटरीचं वीज साठवणारं टोक.

मेख मात्र पुढे आहे. तंतू एकमेकांना बांधायला रेझिन, म्हणजे घट्ट होणारा चिकट द्राव, लागतं. कडक रेझिन घेतलं तर भार एका तंतूकडून दुसऱ्याकडे नीट जातो, पण लिथियमच्या आयनांची, म्हणजे वीजभारित कणांची, वाट बंद होते. पातळ इलेक्ट्रोलाइट, म्हणजे आयन वाहून नेणारा द्राव, घेतलं तर आयन पळतात, पण पाण्यात रोवलेला खांब काय भार घेणार? तोडगा असा काढलाय की कडक पॉलिमरची जाळी करायची, तिची भोकं एकमेकांना जोडलेली ठेवायची आणि त्यांत इलेक्ट्रोलाइट भरायचं. जाळी दाट केली की वीज रुसते, विरळ केली की ताकद. सगळं संशोधन या रस्सीखेचीभोवती फिरतं. लेकीला विचारा, यात वर्षानुवर्षं डोकं घालायला आवडेल का? तिचं उत्तर मला तिच्या मार्कांपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठात लेफ अस्प यांचा गट यावर बरीच वर्षं काम करतोय. 2021 मध्ये त्यांच्या बॅटरीत किलोमागे 24 वॅट-तास वीज मावत होती आणि ताठपणा 25 गिगापास्कल (ताठपणा मोजायचं एकक) होता. 2024 मध्ये ते आकडे 30 आणि 70 वर गेले. 70 म्हणजे अ‍ॅल्युमिनियमइतका ताठपणा. तुमचं लोखंड 200 च्या आसपास. पण 30 वॅट-तास म्हणजे किती? तुमच्या इन्व्हर्टरची शिशाची बॅटरी किलोमागे साधारण तेवढंच देते. गाडीतल्या चांगल्या लिथियम सेलमध्ये 150 ते 250 मावतात. त्याआधी 2013 मध्ये व्होल्वोनं इम्पीरियल कॉलेज लंडनसारख्या भागीदारांबरोबर एका गाडीच्या डिकीचं झाकण असं करून पाहिलं होतं. त्यात कार्बन फायबरच्या थरांत सुपरकपॅसिटर, म्हणजे झटपट भरणारी-रिकामी होणारी वीजसाठवण, होते.

थोडक्यात, बाजारात यायला वेळ आहे. बळदाच्या भिंतीला ओल लागली तर ज्वारीही जायची आणि भिंतही. इथंही तेच. दार चेपलं तर डेंटिंगवाला हातोडी मारणार कुठं? आग लागली, सेल म्हातारा झाला, तर दारच बदलायचं का? आत्ता अकरावी-बारावीत असलेल्या पोरांनाच हे प्रश्न सोडवायचे आहेत.

आता पोटापाण्याचं. हा विषय दोन धंद्यांच्या बांधावर उभा आहे : एकीकडे कंपोझिट, म्हणजे तंतू आणि रेझिन मिळून बनलेलं मटेरियल, दुसरीकडे बॅटरी. बांधावर पीक येईल तेव्हा येईल, दोन्ही शेतांत आजही काम आहे. इलेक्ट्रिक स्कूटर बनवणाऱ्या एथर कंपनीनं 2024 मध्ये छत्रपती संभाजीनगरजवळ आपल्या बिडकीनला कारखान्याची घोषणा केली, ते उगाच नाही. म्हणून पाया रुंद घ्या. मेटलर्जी आणि मटेरियल्स पहिली पसंती : पुण्याचं सीओईपी, नागपूरचं व्हीएनआयटी. केमिकल दुसरी. मेकॅनिकलही चालेल, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी आहेच. नांदेडच्या एसजीजीएसमधलं टेक्स्टाइल मात्र लोक कापड गिरणी समजून सोडून देतात. अहो, कार्बन फायबरचं कापडही विणावंच लागतं! ताणा-बाणा कळणारा इंजिनिअर कंपोझिटवाल्यांना हवाच असतो. कॉम्प्युटर वाईट नाही, पण तिला हातानं वस्तू करायची असेल तर ती तिथं कुढेल.

एक सावधगिरी. नावातच ‘ईव्ही’ असलेल्या चकचकीत डिग्र्यांच्या जाहिराती येतील. पदवीला अरुंद विषय घेणं मला पटत नाही. तो एम.टेक.ला घ्यावा.

पुढचं शिक्षण लांबलचक आहे, हे लपवत नाही. पदवीनंतर गेट ही परीक्षा देऊन एम.टेक. केलं तर महिना 12,400 रुपये मिळतात. पीएच.डी.ला जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर 2023 पासून 37,000 रुपये आणि वर घरभाडं. म्हणजे पदवीपुढे घरच्या पैशावर शिकायची वेळ शक्यतो येत नाही. तमिळनाडूत कराईकुडीला सरकारची विद्युत-रसायनाची मोठी प्रयोगशाळा आहे, सीईसीआरआय. तिचं नाव लेकीनं वहीत लिहून ठेवावं. लग्नाचं वय निघून जाईल का, असं तुम्ही पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलंय. कमावत्या लेकीला स्थळं कमी पडल्याचं निदान माझ्या पाहण्यात नाही.

आणि एक सांगतो, तिला हे सुचलं ते तुमच्या दुकानामुळे. ट्रॉलीचा चॅनल कुठं वाकतो, वेल्ड कुठं सुटतो हे बघत लेकरू मोठं झालंय. परीक्षा झाली की दुकानात एक काम करू द्या. ग्लास फायबरचे सुटे लांब धागे (रोव्हिंग) आणि रेझिन आणा, हातभर लांब, दोन बोटं रुंद पट्ट्या करा : एकीत सगळे धागे लांबीला, एकीत आडवे. पट्टी दोन विटांवर ठेवून मधोमध वजन टांगायचं आणि किती वाकते ते फूटपट्टीनं मोजायचं. हातमोजे घाला, शटर उघडं ठेवा, आणि हार्डनर व कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालायचा द्राव) थेट एकमेकांत कधीच मिसळू नका, भडका उडतो. मोबाइलची बॅटरी फोडून बघायचा मोह मात्र तिलाही नको आणि तुम्हालाही नको.

दोन्ही पट्ट्यांचे आकडे तिच्याच अक्षरात लिहून पाठवा. कॉलेजांचा पसंतीक्रम ते बघून लावू.