दुःखाच्या घरातून हलकं होऊन येणं चुकीचं आहे का?

प्रश्न: मी परभणीची, निवृत्त शिक्षिका. पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारात पेशंटचा त्रास हलका करणाऱ्या सेवेच्या, पथकाबरोबर दर आठवड्याला अंथरुणाला खिळलेल्या पेशंटच्या घरी जाते. एका आजोबांना घशाचा कॅन्सर आहे, आवाज गेलाय. मला पाहिलं की पाटीवर लिहितात, "सोयाबीन काय भाव?" मी आडतीत विचारूनच जाते. तिथून आले की मला दोन घास जास्त जातात, झोप लागते. परवा सून म्हणाली, "आई, लोकाच्या मरणात तुम्हाला बरं वाटतं व्हय?" फार लागलं. जाणं बंद करू का?

उत्तर: ताई, मुळीच बंद करू नका. आजारी माणसाला जो तो दुखण्याचंच विचारतो: जेवलात का, झोप लागली का, डॉक्टर काय म्हणाले. तुमच्यापुढे ते आजोबा तेवढा वेळ पेशंट नसतात, शेतकरी असतात. आणि निवृत्तीनंतर तुमचीही कुणीतरी पाटी घेऊन वाट बघतंय. दोघांचंही भागतंय, यात चोरी कसली? केरळात कोझिकोडला 1993 मध्ये सुरू झालेलं हे काम पुढे गावोगाव पसरलं ते शेजारपाजारच्या साध्या माणसांच्या जोरावर. नुसतं पुण्य मिळेल या हिशेबावर कुणी वर्षानुवर्षं जखमांचा वास सोसत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

एवढंच बघा, की एखाद्या दिवशी त्यांनी पाटी हातात घेतली नाही, भिंतीकडे तोंड केलं, तर तुम्ही हिरमुसता का? हिरमुसत असाल तर पथकातल्या नर्सशी बोला. त्या दिवशी नुसतं बसायचं, किंवा उठून यायचं.

औषधात मात्र हात घालू नका. "मॉर्फिनची सवय लागेल, अर्धंच देऊ का?" असं घरचे बाईंनाच विचारणार! डॉक्टरांनी ठरवलेलं हे वेदना कमी करणारं औषध वेळच्या वेळी जावं लागतं, कळ उठायची वाट बघून चालत नाही. पण हे त्यांना नर्सनं सांगू दे, तुम्ही फोन लावून द्या.

सूनबाईंच्या टोमण्यात मला रागापेक्षा धास्तीच दिसते. आल्यावर हातपाय धुवा, जेवणाच्या ताटावर दुखण्याचा विषय काढू नका. एखाद्या निवांत दुपारी तिला पाटीची गोष्ट सांगा. पटलं तर पटलं.

आजोबा गेले की तेराव्यानंतर त्यांच्या घरी एक चक्कर टाका. मागे राहिलेल्यांची विचारपूस हाही या सेवेचाच भाग आहे. आणि लगेच नवा पेशंट घेऊ नका, थोडे दिवस जाऊ द्या.