मॅनेजमेंट कोटा की पॉलिटेक्निक?

नमस्कार भाऊ,

पत्र वाचलं. आठवी शिकून मस्कतला गेलात, हेल्परचे वेल्डर झालात, नागपुरात मानेवाड्याला घर बांधलं. पोरगा यंदा बारावी सायन्स झाला, पण सीईटीत मार्क कमी पडले. आता साठवलेला पैसा मॅनेजमेंट कोट्यात घालून त्याला इंजिनिअर करायचं, कारण 'माझ्यासारखे त्याचे हात काळे व्हायला नको'. त्याला मात्र वेल्डर होऊन तुमच्यामागे मस्कतलाच यायचंय.

मला दोघांचंही पटलं नाही.

पैसे मोजून सीट मिळते, मॅथ्स सुटत नाही. पहिल्या वर्षी बॅक राहिली की पोरं घरी सांगत नाहीत, अन् बाप परदेशात असला तर मुळीच नाही. त्याच्या घामाचा पैसा वाया चालला, हे ओझं फार वाईट असतं.

पोरानं सोबत चिठ्ठी जोडली आहे. मागच्या सुटीत तुम्ही दोघांनी घराचं गेट बनवलं. तो लिहितो, 'स्लॅग (वेल्डिंगवरची खपली) झाडला की बाबा वेल्डच्या बीडवरून बोट फिरवतात आणि अंडरकट (जोडाच्या कडेची खाच) कुठंय ते सांगतात. आता मलापण कळतं.' भाऊ, तुम्ही वेल्डिंगची सिक्स-जी परीक्षा पास आहात. 45 अंशांत जखडलेला पाइप न फिरवता चहूबाजूंनी जोडणं काय असतं, ते तुम्हाला मी काय सांगावं! त्या हाताची पारख पोरानं उचललीय. तिला कागदाची जोड द्या, एवढंच माझं म्हणणं.

फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स घेऊन बारावी झालेल्यांना पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. मेकॅनिकल घ्यावं. नागपूरच्या सदर भागातलं गव्हर्नमेंट पॉलिटेक्निक मिळालं तर फी अगदीच कमी. दोन वर्षांत डिप्लोमा; पुढं मन असेल तर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. किंवा एनडीटी (जोड न तोडता तपासण्याचं तंत्र) लेव्हल-टू करून वेल्डिंग इन्स्पेक्शनकडे वळता येईल. बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांत नाही जमलं तर आखात आहेच. दहावी नसल्यानं तुम्हाला पहिल्यांदा निघताना एमिग्रेशन क्लिअरन्स (कामासाठी परदेशी जायची सरकारी परवानगी) काढावा लागला असेल. त्याला ती कटकट नाही.

वहिनींचं मत पत्रात कुठंच नाही. इतकी वर्षं पोराचा अभ्यास त्यांनीच पाहिला, त्यांनाही विचारा.

कोट्याचे पैसे तूर्त बँकेत राहू द्या. डोमिसाइल आणि लागू असेल तर नॉन-क्रीमीलेअर आत्ताच काढायला सांगा. ॲडमिशनच्या दिवसांत सेतूत उभं राहायला जागा नसते.