हातोडी शोधता शोधता: डिटेक्टरवाले आणि पुरातत्त्वज्ञ

जमिनीतला धातू शोधणारं यंत्र, म्हणजे मेटल डिटेक्टर, घेऊन फिरणाऱ्याला पुरातत्त्वज्ञ चोरच समजतात, असा माझा अनुभव आहे. मग सहकार्याच्या गप्पा कशाला?

तुमचा राग खोटा नाही. ब्रिटनमध्ये १९८० साली पुरातत्त्व संस्थांनी डिटेक्टरवाल्यांविरुद्ध ‘आमचा भूतकाळ पळवणं थांबवा’ अशा अर्थाची मोहीमच काढली होती. माझ्या मते ती चूक होती. चोर अशा मोहिमांना भीक घालत नाहीत. बिथरतो तो प्रामाणिक माणूस, आणि सापडलेली वस्तू घेऊन तो पुन्हा तुमच्या दारात येत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९७ पासून वारं बदललं. गुप्तधनाचा नवा कायदा लागू झाला, आणि वस्तू पाहून नोंदवून घेणारे अधिकारी भागाभागात नेमायला सुरुवात झाली. नोंद झाली की बहुतेक वस्तू शोधणाऱ्याला परत मिळतात. आज त्या नोंदवहीत १५ लाखांहून जास्त वस्तू आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य डिटेक्टरवाल्यांनीच आणल्या आहेत.

पण पुरातत्त्वज्ञांचा संशयही हवेतला नाही. २०१५ साली हेरेफर्डशायरमध्ये दोघांना व्हायकिंग काळातला ठेवा सापडला आणि त्यांनी तो परस्पर विकायला काढला. सुमारे ३०० नाणी असावीत. हाती लागली जेमतेम ३०. इंग्लंडमधल्या शेजारशेजारच्या राज्यांचे राजे, वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा चेओलवुल्फ, एकमेकांना धरून चालत होते, हे तेवढ्या नाण्यांवरूनही दिसतं. उरलेल्या नाण्यांवर काय होतं, कोण सांगणार?

वस्तू मी संग्रहालयाला दाखवतोच. मग ती नेमकी कुठल्या खड्ड्यात, किती खोल होती, याचं एवढं काय?

एवढंच तर सगळं आहे. १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये सफोकमधल्या हॉक्सन गावी एका शेतकऱ्याची हातोडी हरवली. ती शोधायला त्याचा मित्र एरिक लॉज, निवृत्त माळी, डिटेक्टर घेऊन गेला. निघाली ती चांदीची आणि सोन्याची रोमन नाणी, चमचे, साखळ्या. थोडं वर काढल्यावर लॉज थांबला आणि त्याने कळवलं. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञांनी तो खड्डा शिस्तीत उकरला. लाकडी पेटी केव्हाच कुजली होती, पण बिजागऱ्या, आतल्या लहान डब्यांची चिमुकली कुलपं आणि वस्तूंची मांडणी जागच्या जागी होती. त्यामुळे सुमारे १५ हजार नाण्यांचा नुसता ढीग न मिळता कुणीतरी निगुतीने भरलेली पेटी डोळ्यांपुढे उभी राहिली. (हातोडीही सापडली. ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.)

२०१० साली सॉमरसेटमध्ये डेव्ह क्रिस्प यांना नाण्यांनी भरलेलं मडकं लागलं. त्यांनी ते उपसलं नाही. पुरातत्त्वज्ञांनी आतली ५२,५०३ नाणी थराथराने काढली. वर्षानुवर्षं कुणी पैसे साठवत गेलं असतं, तर सर्वांत नवी नाणी सर्वांत वर असती. तशी ती नव्हती. म्हणजे सगळं मडकं बहुधा एकाच वेळी भरलं गेलं, आणि मग ती बचत होती की देवाला वाहिलेलं दान, हा प्रश्न उभा राहिला. क्रिस्प यांनी हात घालून मडकं रिकामं केलं असतं, तर नाणी तेवढीच मिळाली असती आणि प्रश्न मात्र कुणाला सुचलाही नसता.

उलटं उदाहरण नेब्राच्या तबकडीचं, म्हणजे सोन्याचे चंद्र-तारे जडवलेल्या पुरातन कांस्य तबकडीचं. जर्मनीत १९९९ साली चोरट्यांनी डिटेक्टर लावून ती काढली. अवजाराचा घाव बसून तिची कडही दुखावली. २००२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला पोलिसांनी सापळा रचून ती मिळवली आणि चोरट्यांनी नंतर जागाही दाखवली. तरी २०२० मध्ये दोन अभ्यासकांनी तिचा काळ आणि ती जागा, दोन्हींवर शंका घेतली. इतरांनी त्यांचं म्हणणं खोडून काढलं, पण जमिनीतून ती नीट निघाली असती तर हा वाद एवढा पेटलाच नसता.

नांगरलेल्या शेतात सगळं आधीच उलथंपालथं झालेलं असतं. तिथे जागेची नोंद ठेवून काय मिळणार?

एका वस्तूपुरतं बोलाल तर थोडंच. नांगर वस्तूला तिच्या थरातून उपटतो, पण सहसा फार दूर नेऊन टाकत नाही. त्यामुळे शेकडो क्षुल्लक तुकडे नकाशावर मांडले की त्यांतून आकार दिसू लागतो. सफोकमधल्या रेंडलशॅमला रात्री चोरून डिटेक्टर फिरवणाऱ्यांनी जमीनमालकाला हैराण केलं होतं. तेव्हा २००८ पासून स्थानिक पुरातत्त्व विभागाने चार अनुभवी डिटेक्टरवाल्यांनाच शेतं पद्धतशीर पिंजायला लावली. प्रत्येक वस्तूची जागा जीपीएसने टिपली. बीड या इतिहासकार भिक्षूने आठव्या शतकात उल्लेखलेलं राजाचं ठाणं इथेच होतं हे त्यातून उलगडत गेलं, आणि पुढे उत्खननात २३ मीटर लांबीच्या लाकडी दरबाराच्या खुणा मिळाल्या.

रणभूमीवर तर डिटेक्टरला पर्यायच नाही. इंग्लंडमधली १४८५ ची बॉझवर्थची लढाई लोक एका टेकडीवर दाखवत असत. शिशाचे गोळे आणि राजा रिचर्ड तिसऱ्याचं चिन्ह असलेला रानडुकराचा चांदीचा बिल्ला सापडला तो तिथून काही किलोमीटर दूर.

एका सर्वेक्षणात डिटेक्टर घेऊन मदत करायची आहे. काय वेगळं करावं लागेल?

पहिलं म्हणजे लोखंड गाळायची सेटिंग बंद करा. एरवी खिळ्यांचा आवाज नको म्हणून ती आपण लावतो, पण अभ्यासकाला खिळेही हवे असतात. दुसरं, मन मानेल तसं फिरायचं नाही. दोऱ्या लावून आखलेल्या पट्ट्यांतून सारख्या गतीने चालायचं, आणि काहीच मिळालं नाही तर तेही लिहायचं. कंटाळा येतो, खोटं कशाला सांगू! नांगरटीच्या थराखाली आवाज आला तर खुणेचं निशाण रोवून हाक मारा, खोदू नका.

या शिस्तीचं फळ पाहायचं असेल तर अमेरिकेतली लिटल बिगहॉर्नची रणभूमी पाहा; तिथे अमेरिकन सैन्य आणि मूळ रहिवासी जमाती लढल्या होत्या. १९८३ च्या वणव्यात तिथलं गवत जळालं. पुढच्या वर्षी स्वयंसेवकांनी डिटेक्टर फिरवून प्रत्येक गोळी आणि काडतुसाच्या जागी निशाण लावलं. काडतुसावर उमटलेल्या बंदुकीच्या खुणा जुळवून १८७६ च्या त्या लढाईत एकेक बंदूक कुठून कुठे सरकली, हे मांडता आलं.

नाणं मातीने माखलंय. घासू का?

नाही. ब्रश नको, लिंबू नको, व्हिनेगर नको. गंजाला कापडाचा किंवा लाकडाचा ठसा चिकटलेला असू शकतो.

मालकी आणि बक्षिसाचं काय?

देशागणिक नियम निराळे. काही ठिकाणी परवान्याशिवाय डिटेक्टर चालवणंच गुन्हा आहे. आधी कायदा वाचा, मग जमीनमालकाची लेखी परवानगी घ्या, मगच बॅटरी घाला. डेन्मार्कमध्ये मोलाची पुरातन वस्तू सरकारची. ती परंपरा १२४१ च्या यूटलंडच्या कायद्यापर्यंत जाते, आणि शोधणाऱ्याला मोबदला मिळतो. मला ही पद्धत जास्त सरळ वाटते. इंग्लंडमध्ये व्याख्येत बसेल तेच गुप्तधन. २०१० मध्ये क्रॉस्बी गॅरेटला रोमन घोडेस्वाराचं अप्रतिम शिरस्त्राण सापडलं, पण सुटी कांस्य वस्तू म्हणून ते कायद्यातून निसटलं. लिलावात सुमारे २३ लाख पौंडांना गेलं आणि स्थानिक संग्रहालय हात चोळत बसलं. २०२३ मध्ये व्याख्या रुंदावली आहे.

दहा वर्षांपूर्वीच्या वस्तू डब्यात पडून आहेत. जागा नीट आठवत नाही, आता दाखवायची लाज वाटते.

दाखवा. कोणतं शेत होतं, निदान कोणत्या गावाची हद्द होती, एवढं तरी आठवत असेल. तेवढंच सांगा आणि खात्री किती आहे तेही सांगा. समोरच्याला बरं वाटावं म्हणून नकाशावर अंदाजाने टिंब मात्र देऊ नका. ‘या शेतात कुठेतरी’ ही नोंद उपयोगी पडते. चुकीचं टिंब पुढच्या माणसाला भलत्याच ठिकाणी खणायला लावतं.